चरातली केबल

१

आधी वास आला. कारखाना मागाहून दिसला.

निरीक्षकबाईंनी जीपची काच वर केली, तरी तो आत शिरलाच. जनावरांची हाडं दळायची, चरबी उकळायची आणि साबणवाल्यांना पोचवायची, असा तो कारखाना. तिथे अत्तराचा घमघमाट येईल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पण आज त्या रोजच्या कुजकट वासात जळक्या प्लॅस्टिकचा वास मिसळला होता, आणि त्याच्याही खाली घशाला चिकटून बसणारा करपलेल्या चरबीचा. बाई विद्युत निरीक्षक. सगळी नोकरी जळक्या तारा हुंगण्यात गेलेली. तरी त्यांनी पदर नाकाला लावला आणि लगेच सोडला. पदरालाही तोच वास लागला होता.

फाटकात मॅनेजर उभा होता. नाकावर रुमाल, रुमालावर सेंट.

"या मॅडम. उगाच त्रास तुम्हाला. प्रकरण तसं सरळ आहे."

"माणूस मेलाय ना?"

"हो, ते दुर्दैवच. पण चूक त्याचीच, त्याला कोण काय करणार?"

बाईंनी चालायला सुरुवात केली. भिंतींवर, दारांवर, माणसांच्या पाठींवर माश्या बसल्या होत्या. हाकलल्या तर उडत, आणि दुसऱ्या क्षणी त्याच जागी येऊन बसत. एका हमालाच्या पायाला जखम होती, तिथे तर त्यांचा काळा बिल्लाच लागला होता. त्यानं हाकलणं कधीच सोडून दिलेलं दिसत होतं.

घटना अशी सांगितली गेली. हाडं दळणारं मोठं यंत्र तीनशे अश्वशक्तीच्या मोटारीवर चालतं. ती मोटार पार त्या टोकाला, आणि तिला वीज देणारं पॅनेल या टोकाच्या एका खोलीत. मधून जमिनीत चर खणलेला, वर लोखंडी पत्रे आणि चरातून केबल. परवा दुपारी चरातल्या केबलनं पेट घेतला आणि सगळा धूर पॅनेलच्या खोलीत घुसला. आतल्या ऑपरेटरचा जीव उंबऱ्यावरच गेला. बायको आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे.

खोलीचं सील फौजदारांनी बाईंसमोर काढलं. आत सगळं काळं. भिंतींवर तुपकट काजळीचा थर, बोट लावलं तर बोटाबरोबर येणारा. बाईंनी हातमोजे चढवले.

"तो डबा बघा," मॅनेजर दाराबाहेरूनच म्हणाला. "मी काही आत येत नाही. परवाही पाय ठेवला नाही. मला उलटी होते."

डबा म्हणजे रिले. मोटारीनं मर्यादेपलीकडे वीज खेचली की तिला बंद पाडणारं राखणदार यंत्र. ती मर्यादा किती, हे तबकडीवरच्या लहानशा काट्यानं ठरवायचं. काटा शेवटच्या टोकाला होता. म्हणजे राखणदाराला झोपवून ठेवलेलं.

"बघितलंत? मोटार मध्येच बंद पडू नये म्हणून त्यानं काटा वाढवून ठेवला. केबल तापली आणि जळली. दुसरं काय?"

बाईंनी बॅटरी तिरकी धरली. तबकडीवर काजळीचा थर एकसारखा बसला होता. काट्याखालीसुद्धा. पण तबकडीच्या मध्यावर, मोटारीच्या नेमक्या प्रवाहाच्या आकड्यावर, काट्याच्याच आकाराची एक पांढरी स्वच्छ रेघ होती. काजळी बसली त्या वेळी काटा तिथे होता. आणि त्याच्या खाचेत, जिथे स्क्रूड्रायव्हर बसतो, दोन ताजे चमकदार ओरखडे होते.

काटा आगीनंतर फिरवलेला होता. ऑपरेटर मेल्यानंतर.

२

बाहेर बाकावर एक माणूस बसला होता. दोन्ही हातांना मनगटापर्यंत पांढऱ्याशुभ्र पट्ट्या. येणारा-जाणारा त्याच्या खांद्याला हात लावून पुढे जात होता, देवळात जाताना उंबऱ्याला लावावा तसा.

"हे आमचे फोरमन," मॅनेजर म्हणाला. "सख्ख्या मेहुण्याला वाचवायला आगीत गेले."

सगळा कारखाना त्याला मामा म्हणे. मेलेल्या ऑपरेटरच्या बायकोचा हा धाकटा भाऊ. भाची लहान असताना डबा घेऊन यायची, तिच्या तोंडचं 'मामा' सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

"काय सांगू बाई," मामा म्हणाला. आवाज बसलेला. "दाजींना मी हजारदा सांगितलं, काट्याला हात लावू नका. ऐकायचे नाहीत. मोटार थांबली की वरून बोलणी बसायची ना."

"तुम्ही त्यांना बाहेर कसं काढलंत?"

"लोखंडी दार, तव्यासारखं तापलेलं. हातांनीच ढकललं. दाजी आत उताणे पडले होते. काखेत हात घातले आणि मागं मागं ओढत आणलं उंबऱ्यापर्यंत. पण तोवर सगळं..." त्यानं पट्टीनं डोळे पुसले.

"नंतर आत कोण कोण गेलं?"

"बंबवाले. कुठलं बंद, कुठलं चालू हे त्यांना दाखवायला मी होतो. तिसरं कुणी नाही. मग साहेबांनी सील केलं."

फौजदारांनी मान हलवली. ते खरं होतं.

बाईंनी त्या पट्ट्यांकडे पाहिलं. स्क्रूड्रायव्हर सोडा, या माणसाला शर्टाचं बटण लावता येणार नव्हतं. त्यांनी विचार तिथेच सोडला आणि इंजिनिअरला बोलावलं.

इंजिनिअर आला तो मान खाली घालून. केबलचा आकार त्यानं ठरवला होता. आग लागली तेव्हा तो दुसऱ्या गावी बापाच्या उशाशी, दवाखान्यात होता. परतला तोवर खोलीला सील लागलं होतं. तेव्हापासून म्हणे त्याच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता.

"चूक माझीच असणार मॅडम," तो म्हणाला. "मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. चूक सापडत नाही, पण असणारच."

"मला सांगा कसं ठरवलंत ते."

"मोटारीचा पूर्ण भाराचा प्रवाह घेतला. सुरू होताना ती कितीतरी पट खेचते, ते पाहिलं. चर लांब आहे, म्हणजे मोटारीपाशी पोचेपर्यंत व्होल्टेज किती पडेल ते पाहिलं. बॉयलर शेजारी आहे, त्यामुळे तापमान जास्त धरलं. त्याच चरात दुसऱ्या मोटारीची केबल आहे, दोघी एकमेकींना तापवणार, म्हणून आणखी कपात केली. कोष्टकात जो आकार आला त्याच्या वरचा घेतला. दोनशे चाळीस चौरस मिलिमीटर, तांब्याची." तो थांबला. "एवढं करून जळली."

बाईंनी मनातल्या मनात आकडे फिरवले. हिशेबात खोट नव्हती. उलट या माणसानं घाबरट आजीबाईसारखी काळजी घेतली होती.

केबलचं एक टोक पॅनेलमध्ये शिल्लक होतं. त्यांनी ते मोजलं. दोनशे चाळीस. जराही कमी नाही. मग सगळा कारखाना ओलांडून त्या मोटारीपाशी गेल्या आणि तिथलं टोक मोजलं. तेही दोनशे चाळीस. मॅनेजरच्या चेहऱ्यावर 'आता तरी पटलं का' असं हसू आलं.

पण बाईंनी टोकाचं आवरण नखानं दाबून पाहिलं. मऊ होतं, लवचीक, नवं असल्यासारखं. पॅनेलमधलंही वरून काळं, पण आतून असंच निघालं होतं. जादा प्रवाहानं तापलेली केबल टोकापासून टोकापर्यंत तापते. तांब्याच्या तारेत वीज एकाच जागी गर्दी करत नाही. ही दोन्ही टोकं तापलेलीच नव्हती.

"ही टोकं कुणी जोडली?"

ठेकेदार पुढे झाला. पोट सुटलेला, आधीच घाम फुटलेला माणूस. "मी जोडली. पण एवढंच हं! केबल चरात आधीच घातलेली होती. दोन्हीकडून टोकं वर आलेली. मी म्हटलं, चर बघू द्या, तर म्हणाले, तुझं काम टोकांचं, ते कर आणि जा."

"कोण म्हणालं?"

"कारखान्याचीच माणसं होती," ठेकेदार कुणाकडेही न बघता म्हणाला. "कोण ते आता कसं आठवणार?"

बाई खाली वाकल्या. काळ्या आवरणावर केबलच्या कारखान्यातच छापलेले बारीक पांढरे आकडे होते. दर मीटरला एक, चढत जाणारा, म्हणजे रिळावर किती केबल उरली ते कळावं. या टोकावर चारशे अठरा होता. त्या ताडकन उठल्या, जवळजवळ धावत पॅनेलपाशी आल्या आणि तिथल्या टोकावरची काजळी हातमोज्यानं पुसली.

चारशे बारा.

दोन टोकांमध्ये सहा मीटर. आणि चर? तो तर कारखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होता.

३

"पत्रे उघडा," बाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही. हमाल एकमेकांकडे पाहायला लागले.

"मॅडम, तिथं नको," मॅनेजर रुमालातून म्हणाला. "तिथं जरा... घाण आहे."

"मी पाहुणी म्हणून आलेली नाही."

पहिला पत्रा पहारीनं उचलला आणि चार पावलं मागे सरकला नाही असा एकही माणूस तिथे उरला नाही. चर काठोकाठ भरला होता. वर जळक्या चरबीचं काळं कवच, खाली पिवळट, लिबलिबीत गाळ. त्यात केस, हाडांचा चुरा, कातड्याची झालर. उन्हानं त्याला बुडबुडे येत होते आणि बुडबुड्यांबरोबर पांढऱ्या अळ्या वर येऊन पुन्हा आत जात होत्या. इंजिनिअर भिंतीकडे वळला आणि ओकला. पोटात काहीच नसल्यानं नुसतं पिवळं पाणी पडलं.

"हे इथे कसं?"

"ट्रक लावून दूर टाकावं लागतं," मॅनेजर म्हणाला. "तात्पुरती सोय केली होती. मामांनीच सुचवली. एवढा मोठा चर रिकामाच असतो म्हणाले."

"रिकामा! त्यात केबल आहेत. केबलला अंगातली उष्णता बाहेर टाकायला हवा लागते. तुम्ही तिला चरबीच्या रजईत गुंडाळलंत, आणि पेटली तेव्हा तीच रजई तिला तेल पुरवत राहिली. वातच केलीत की दिव्याची!"

मॅनेजरनं रुमाल नाकावर आणखी दाबला. बाईंना मात्र वेगळंच काही टोचत होतं. सोय म्हणून टाकलेली घाण जिथे दार जवळ तिथे टाकली जाते. ही मात्र, पुढचे पत्रे उचलल्यावर दिसलं, चराच्या सगळ्या मधल्या भागात नीट, सारखी भरलेली होती. दोन्ही टोकांचे हातभर भाग तेवढे मोकळे. घाण लपवायला लोक जागा शोधतात. इथे घाणीनंच काहीतरी लपवलं होतं. कारखान्यातला सगळ्यात किळसवाणा कोपरा, जिथे कुणी हात घालणार नाही.

"कोण उतरतंय?" त्यांनी विचारलं.

कुणी उतरलं नाही. बाईंनी घड्याळ काढून फौजदारांकडे दिलं, बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, गुडघे टेकले आणि हात घातला.

गाळ कोमट होता. त्यांना तो थंड असेल असं वाटलं होतं. कोमटपणाच जास्त सहन होईना. जणू काही जिवंत होतं. बोटांना केस लागले, काहीतरी गुळगुळीत फुटलं, घशात आंबट आलं ते त्यांनी गिळलं. दात आवळून कोपराच्याही वर हात गेला तेव्हा बोटांना केबल लागली. त्यांनी ती चाचपत चाचपत टोकाकडून मध्याच्या दिशेनं हात सरकवला. मग एक गाठ लागली. अजगरानं ससा गिळल्यावर पोट फुगावं तशी, पट्टीनं गुंडाळलेली. गाठीच्या अलीकडे केबल मुठीत न मावणारी. पलीकडे ती सहज मुठीत येत होती.

दोन्ही टोकांना तीन तीन मीटर जाड केबल, दिसेल तेवढीच. मधला सगळा पल्ला जेमतेम पंचाण्णव चौरस मिलिमीटरचा. जाड तांबं बाजारात गेलं होतं. आणि रिले बिचारा काय करणार? मोटार खेचत होती तो प्रवाह अगदी रास्त होता. त्याला काय ठाऊक की मधला रस्ताच अरुंद आहे.

बाई हात बाहेर काढत होत्या, तेवढ्यात जमीन थरथरली. पत्र्याच्या भिंतीमागून एक लांबलचक, जड कण्हणं आलं, ओझं न पेलणाऱ्या बैलासारखं. मोटार वेग घेत होती, पण घेता घेता रखडत होती.

"हे काय आहे?"

"दुसरी मोटार," इंजिनिअर तोंड पुसत म्हणाला. "काम थांबू नये म्हणून आजपासून चालू केली." आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्त उतरलं. "तिची केबल याच चरात आहे."

४

"बंद करा ती," बाई म्हणाल्या.

"अहो, माल पडलाय आत," मॅनेजर म्हणाला. "एवढी पाळी तरी..."

"तिच्या पॅनेलवर माणूस आहे का?"

"असणारच ना."

बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. इंजिनिअरला हाताशी घेतलं. त्यानं दुसऱ्या पॅनेलवर व्होल्टेज मोजलं, पूर्ण होतं. मग मोटारीपाशी मोजलं. वाटेत जितकं पडायला हवं होतं त्याच्या दुपटीनं पडत होतं. या माणसाला आता समजावून सांगायची गरज नव्हती. आकडा बघून त्यानं मीटर बाईंच्या हातात दिला. ही केबलसुद्धा मधून बारीकच होती. बाहेरून पाहिलं तर दोन्ही टोकं धष्टपुष्ट.

बाईंनी स्वतःच्या अधिकारात सगळ्या कारखान्याची वीज तोडली आणि मुख्य स्विचला सील लावलं. आवाज बंद झाला. त्या शांततेत फक्त माश्यांचं गुणगुणणं राहिलं. पॅनेलवरचा दुसरा ऑपरेटर बाहेर आला, चरात डोकावला आणि खाली बसला.

"केबल चरात घातली कोणी?" बाईंनी त्याला विचारलं.

"मामांनी. आमच्यातलेच चार जण घेऊन, सुट्टीच्या दिवशी. इंजिनिअरसाहेब म्हणाले होते, मी येतो. मामा म्हणाले, तुम्ही कशाला उन्हात, मी आहे ना." त्यानं चराकडे बोट केलं. "ते चौघं नंतर काम सोडून गेले. आणि बाई, तो गेला ना, तो बरेच दिवस म्हणत होता, मोटार सुरू होताना कण्हते, केबलमध्ये काहीतरी आहे, मी पत्रे उचलून बघणार. मामांना सांगितलं त्यानं. मामा म्हणाले, बघू."

फौजदार टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "म्हणजे माणूस मिळाला. सगळ्यांना मामा बनवलं की याने!"

"नाही मिळाला अजून," बाई म्हणाल्या. "ज्यानं केबल चोरली त्यानंच काटा फिरवला, हे उघड आहे. मेलेल्याच्या माथी मारायला. आगीनंतर आणि सीलच्या आधी, बंबवाले सोडले तर, आत गेला तो एकटा मामाच, हेही खरं. पण काटा स्क्रूड्रायव्हरनं फिरवलाय, तोही अगदी बेतानं. भाजलेल्या तळहातांनी ते कसं होणार? कोर्टात त्याचा वकील नुसते ते हात दाखवेल. मेहुण्यासाठी भाजून घेतलेले हात. आपण दोघं तोंडात मारल्यासारखे घरी."

"मग?"

"मामा आहेत कुठे?"

"दुपारचं जेवायला बहिणीकडे गेलेत," ऑपरेटर म्हणाला. "हल्ली तीच भरवते त्यांना."

५

घर कामगारांच्या चाळीत, कारखान्याच्या वाऱ्याच्याच दिशेला होतं. बाईंनी साबणानं हात कितीदा धुतला होता, तरी त्यांना तो आपल्या अंगाला परक्याचा चिकटवल्यासारखा वाटत होता. इंजिनिअर फाटकातच थांबला. फौजदार आणि त्या दोघंच आत गेली.

दार उघडंच होतं. मामा पाटावर मांडी घालून बसला होता. समोर त्याची बहीण. डोळे सुजलेले, केस न विंचरलेले. ती ताटातलं कालवून घास करत होती आणि भावाच्या तोंडात घालत होती.

"या बाई, बसा," ती उठायला लागली.

"बसा तुम्ही. त्यांचं होऊ द्या."

"याच्या हातांची ही दशा," ती म्हणाली. "माझ्या माणसापायी. आता मी नाही भरवणार तर कोण?"

मामानं घास चावत मान खाली घातली. बाई दाराजवळच्या खुर्चीवर टेकल्या. घरात माश्या होत्याच. ताटाच्या काठावर, पाण्याच्या भांड्यावर, मामाच्या ओठांच्या कोपऱ्यात, त्या माउलीच्या रडून ओल्या झालेल्या गालांवर. सुकलेलं, ओलं, गोड, आंबट, काहीही त्यांना चालत होतं. फक्त दोन जागांवर त्या बसत नव्हत्या. मामाच्या मांडीवर ठेवलेले ते दोन पांढरे हात.

बाईंना हमालाचा पाय आठवला. भाजलेल्या हाताला पाणी सुटतं. तिसऱ्या दिवशी पट्टी पिवळी पडते, तिला वास येतो. या कारखान्याच्या माश्या अशा हाताला मोहोळासारख्या लागल्या असत्या. ही पट्टी मात्र कोरडी, खळ घातल्यासारखी कडक.

"पट्टी कोण बदलतं?" त्यांनी सहज विचारलं.

"बदलू देत नाही हो. डॉक्टरकडेही येत नाही. सोलवटेल म्हणतो, राहू दे."

"ताई, मला तुमच्या यजमानांचं एक विचारायचंय. त्यांचे कपडे मिळाले?"

तिनं कोपऱ्यातलं गाठोडं दाखवलं. बाईंनी ते सोडलं. शर्टाची कोपरं आणि पँटचे गुडघे चरबीनं काळेकुट्ट, घासून फाटलेले. पाठ जवळजवळ स्वच्छ. बुटांच्या टाचांना डागही नाही. उताणं धरून ओढलेल्या माणसाच्या टाचा जमिनीवर घासतात. हा माणूस ओढत आणलेला नव्हता. तो पोटावर, कोपरांवर, गुडघ्यांवर सरपटत आला होता.

"आणि त्यांचे हात?" बाईंनी हळू विचारलं.

तिच्या हातातला घास हातातच राहिला. "भाजले होते. दोन्ही तळहात. शेवटची आंघोळ घालताना मीच पुसले ना. कातडी निघून आली माझ्या हाताला. मी विचारलं याला, हे कसं, तर म्हणाला, पॅनेल धरलं असेल."

"दार," बाई म्हणाल्या. "त्यांनी दार ढकललं. आतून. त्यांचं त्यांनीच."

मामा चावायचा थांबला होता, पण घास तोंडातच होता. गाल फुगलेला.

"मामा, तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"मी... मी बाहेरून..." घास त्याला गिळवेना. "दार तापलं होतं बाई. हात लावता येत नव्हता."

"तेच तर. हात लावला असतात तर भाजला असतात."

बहिणीनं भावाकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे. तिनं त्याचं उजवं मनगट धरलं, लहानपणी हट्टी भावाचं धरलं असेल तसं, आणि पट्टीचं टोक दातांनी सोडवलं.

"ताई, नको. ताई, दुखतंय."

ती ऐकत नव्हती. एक फेर, दुसरा फेर. आतून काहीही ओलं येत नव्हतं, औषधाचा डागसुद्धा नाही. शेवटचा फेर गळून ताटात पडला. आत एक धडधाकट हात होता. बंद राहून पांढराफटक पडलेला, सुरकुतलेला, पण बोटं पाचही नीट. अंगठ्याच्या नखाखाली काळी तुपकट काजळी अजून तशीच होती. पट्टीआड हात धुता येत नाहीत.

फौजदार पुढे झाले. मामा आपणहून उभा राहिला आणि तोंडातला घास त्यानं ओंजळीत काढला. कुठे टाकावा ते त्याला कळेना. "मारायचं नव्हतं गं मला त्यांना," तो म्हणत होता. "जळेल असं वाटलंच नव्हतं. जळाली तेव्हा वाटलं, ते बाहेर आले की सगळं सांगतील. मी नुसता उभा राहिलो. मी काही केलं नाही, ताई. मी नुसता उभा होतो."

६

त्याला नेल्यावर चाळीतली माणसं दारात जमली. एक शेजारीण बहिणीला कुशीत घ्यायला पुढे आली, बहिणीनं तिला कोपरानं दूर केलं. ती मोरीत जाऊन बसली आणि उजवा हात पुढे धरला.

"बाई, पाणी घाला."

बाईंनी तांब्या घेतला. ती हात घासत होती. आधी साबणानं, मग राखेनं, मग नुसत्या नखांनी. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या मुळांशी. कातडी लाल झाली तरी थांबेना. बाई पाणी घालत राहिल्या. आपल्या कोपराच्या वर चढलेल्या गाळाचं त्यांना आता काहीच वाटत नव्हतं. तो निदान धुऊन निघणारा होता.

"काटा यांनी वाढवला नव्हता ना?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही. काटा जिथे असायला हवा तिथेच होता. त्यांनी काहीच चुकवलं नाही."

"ते मला माहीत होतं." तिनं हात पाण्याखाली धरला. "मला नका सांगू. तिकडे सांगा. तीन दिवस सगळे तोंडावर म्हणतायत, तुझ्या माणसाच्या हावरेपणानं झालं. आणि मी मान खाली घालून त्याला भरवत होते."

बाईंनी तांब्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना त्यांनी दोन्ही पाळ्यांना अंगणात थांबवलं. चराचे सगळे पत्रे उचलून बाजूला लावले होते, आतली घाण उन्हात उघडी पडली होती आणि मॅनेजरलाही त्याच्या काठाशी उभं राहावं लागलं होतं. त्याच्यावरही गुन्हा फौजदारांनी सकाळीच नोंदवला होता. चरात गाळ टाकायला त्याचाच होकार होता. इंजिनिअर पहिल्या रांगेत होता. बाईंनी त्याला एवढंच सांगितलं होतं की तुमचा हिशेब बरोबर होता, आणि तो जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला होता.

त्यांनी मोठ्यानं, कुणालाही समजेल अशा शब्दांत सांगितलं. केबल किती जाड हवी होती, किती बारीक घातली, मधलं तांबं कुणी विकलं, घाण कशासाठी ओतली. काटा कधी फिरला आणि कुणी फिरवला. दार कुणाच्या हातांनी उघडलं. माणसं तोंडावर हात धरून ऐकत होती. वासामुळे की ऐकण्यामुळे, ते सांगता येत नव्हतं. मागच्या रांगेत डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती. सांगून संपलं तेव्हा ती फाटकाकडे चालू लागली, आणि दोन्ही पाळ्यांची माणसं तिला वाट द्यायला बाजूला झाली.